ओट्यावरचं बटण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा बाकी सगळं बोललो आणि एवढं गिळलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या बसस्टँडवर भेटून माझ्या तोंडाकडे बघत राहणार नाही. पण खरंच तेवढ्यासाठीच सांगतोय का? तेही मला नीट कळत नाही. पेन हातात धरलं आहे, एवढं मात्र खरं.

मी वायरमन आहे. डोंगरकडा गावात रस्त्यालगत माझं छोटंसं दुकान आहे आणि आसपासच्या गावांतल्या बऱ्याच घरांची वायरिंग माझ्या हातची आहे. माझं नाव सुदाम, पण पाठीमागं लोक मला 'झाकणवाला' म्हणतात. का? तर घरापुढच्या ओट्यावर मी साधं सॉकेट बसवून देत नाही. झाकणाची डबी आणा, मग बोलू, असं म्हणतो. नाही आणली तर पक्कड पिशवीत टाकून सरळ गाडीला किक मारतो. लोक वैतागतात. एकानं तर तोंडावर सांगितलं, "तुमी वायरिंग करून राहिले का कोर्ट चालवून राहिले?" सगळे हसले, मीही हसलो.

लोकांना वाटतं, हा माणूस कामाला चोख आहे, कडक आहे. लेकीच्या सासरी नवं घर झालं की बाप मुद्दाम मला पाठवतात — सुदामला दाखवा, तो खोड काढल्याशिवाय राहायचा नाही, पण घर सुरक्षित करून देईल. हे ऐकलं की मी विषय बदलतो. कारण मी आधीपासून असा नव्हतो. कशानं झालो, ते एकट्या मला ठाऊक आहे.

बाहेरच्या सॉकेटचे नियम तसे फार नाहीत, आणि अवघड तर मुळीच नाहीत. ते जमिनीपासून चांगलं उंच असावं, पाणी उडणार नाही असं. त्याला झाकण पाहिजे. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, खरोखर जमिनीत गेलेली पाहिजे, नुसती भिंतीत लोंबकळणारी नको. आणि ह्या सगळ्याच्या मागं, घरातल्या बोर्डावर, एक डबी पाहिजे — ईएलसीबी. वीज जिथं जायला नको तिथं, म्हणजे ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगात, गळायला लागली की ही डबी पापणी लवायच्या आत सगळ्या घराची लाइट तोडते. माणूस वाचतो. घराच्या आत एक वेळ खपून जातं हो, पण बाहेर पाऊस असतो, ओल असते, अनवाणी पाय असतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मला ते पाठ होतं.

आता बालाजीचं सांगतो. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या दुकानापासून मोटारसायकलवर पंधरा मिनिटं. आम्ही दोघं कळमनुरीला आयटीआयला बरोबर होतो, तो फिटर, मी वायरमन. त्या दोन वर्षांत त्याच्या आईनं आम्हा दोघांचे डबे केले. चंद्रभागामाय. माझी आई तेव्हा आजारी असायची, घरात चूल धड पेटत नव्हती. हे मायला कुणी सांगितलं देव जाणे, पण बालाजीच्या डब्याबरोबर रोज एक दुसरं फडकं यायचं — तीन भाकरी, कांदा, कधी तिळाची चटणी. मी तिच्या हातचं दोन वर्षं खाल्लं आहे. हे आत्ताच लिहून टाकतो. पुढं लिहायला जीभ — म्हणजे पेन — वळलं नाही तर?

बालाजीनं पुढं शेतात स्लॅबचं नाही, गावातच बरं स्लॅबचं घर बांधलं. बघा, साधं वाक्यसुद्धा नीट येईना. तर त्या घराची वायरिंग मीच केली. घरापुढं फरशीचा ओटा, ओट्यावर उघडणारी खिडकी, आणि खिडकीला लावून बाहेर कूलर ठेवायचा, म्हणजे गार हवा आत येते. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर असंच असतं. कूलरची वायर आखूड होती म्हणून मी सॉकेट बटणासकट खाली घेतलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर. माय म्हणाली, "खालीच लाव रे लेकरा, मला वर हात पुरत न्हाई." मलाही तेच सोपं होतं. झाकणाची डबी त्या दिवशी दुकानात नव्हती. पुढच्या खेपेला आणतो म्हणालो. ईएलसीबी मात्र मी आतल्या बोर्डावर नीट बसवली होती. नवीकोरी, चांगली. ह्याबद्दल कुणी तेव्हा माझी पाठ थोपटली असती तरी चाललं असतं.

पण आमच्याकडे दिवस उगवायच्या आत अंगणात सडा पडतो. बालाजीची बायको छाया — मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला भावजी — अंगणात शेणाच्या पाण्याचा सडा टाकायच्या, आणि ओटा फरशीचा म्हणून तो बादलीनं धुऊन काढायच्या. कामाला फार झपाटा त्यांचा. पाणी भिंतीवर उडायचं, त्या उघड्या सॉकेटात जायचं आणि ईएलसीबी खटकन पडायची. सगळं घर बंद. मग बालाजीचा मला फोन — सुदाम्या, पुन्हा गेली बघ. मी सांगायचो, दोन तास वाळू दे, मग वर कर. कधी वर राहायची, कधी नाही. माय सुनेवर करवादायची, "काहून एवढं पाणी ओतून राहिलीस? रोजची तकलीफ झाली ही."  वहिनी बिचाऱ्या पाणी कमी ओतते म्हणायच्या, पण ओटा धुवायचा तर पाणी उडणारच ना?

त्या डबीचं काहीच चुकत नव्हतं. ती रोज सकाळी एकच सांगत होती — सॉकेट चुकीच्या जागी आहे. मला ते ऐकू येत नव्हतं का? येत होतं. सॉकेट दोन हात वर घ्यायचं, थोडी भिंत फोडायची, झाकण बसवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. पण हळदीचे दिवस होते. शेतोशेत हळद शिजत होती, विहिरींवरच्या मोटारी जळत होत्या, मला एकाच दिवशी चार ठिकाणांहून बोलावणी. असल्या दिवसांत एका सकाळी बालाजीचा पुन्हा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. गेलो, बोर्ड उघडला आणि ईएलसीबी मधून काढून टाकली. म्हणजे डबी जागेवर दिसायची, पण वीज तिच्यातून जात नव्हती. मागच्या मागं तारा एकमेकींना जोडल्या. आमच्या धंद्यात ह्याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. फार लाडका शब्द आहे. घरमालक खूश, वायरमन मोकळा. दहा मिनिटांचं काम होतं. मायनं चहा दिला, मी उभ्या उभ्या प्यालो. "आता न्हाई जाणार लाइट?" तिनं विचारलं. "आता बिलकूल जात नाही," मी म्हणालो.

पाऊस पडायच्या आत येऊन सॉकेट वर घेईन, असं मनात होतं. होतंच. पण मनात असून काय होतं?

वैशाख लागला. त्या दुपारी काय झालं ते सगळ्या गावाला पाठ आहे, आधी तेच सांगतो. कूलरमधलं पाणी संपलं. तो कूलर साधा, पत्र्याचा, दोन पायांच्या पिनेचा — म्हणजे त्याला अर्थिंगची तार नव्हतीच. छायावहिनींनी बादलीनं पाणी भरलं. थोडं पाणी फरशीवर सांडलं. कूलर खिडकीपासून जरा सरकला होता, हवा बराबर आत येत नव्हती. माय ओट्यावरच बसली होती, अनवाणी. ती उठली. "बटण बंद हाय का गं?" तिनं विचारलं. "व्हय, केलंय बंद," वहिनी म्हणाल्या. मायनं कूलरच्या पत्र्याला दोन्ही हातांनी धरलं.

समोरच्या घरातला माणूस पळत आला, त्यानं आत घुसून मेन स्विच खाली केला. तोवर उशीर झाला होता. बालाजी आणि दोघं-तिघं मायला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले. तिथं डॉक्टरांनी हात लावून मान हलवली.

मी जवळच्याच एका शेतात मोटारीच्या पेटीजवळ बसलो होतो. फोन आला आणि मी निघालो. घरी पोचलो तेव्हा घर रिकामं होतं. समोर गल्लीत बायकांचा घोळका, त्यांच्या मधोमध छायावहिनी मातीत बसलेल्या. समोरचा माणूस म्हणाला, "सुदामभाऊ, तुमीच बघा बाबा. तुमाला त्यातलं कळतं. आमी कुणी हात लावला न्हाई कशाला." मी एकटा आत गेलो. पाव तासानं बाहेर आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो — कूलरचं बटण चालूच होतं.

चार माणसांनी ओट्यावर चढून पाहिलं. बटण चालू होतं. कूलरचा पंखा फिरत होता का, ते त्या आरडाओरड्यात कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. छायावहिनी उठून उभ्या राहिल्या. "म्या बंद केलं होतं," त्या म्हणाल्या.  "म्या बंद केलं होतं हो, भावजी." मग त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण ह्या वेळी माझ्याकडे नाही, शेजारच्या बाईकडे बघून विचारलं, "केलं होतं ना म्या बंद?" ती बाई ओट्यावर नव्हतीच, ती काय सांगणार?

संध्याकाळी पोलीस आले. पंच म्हणून गावातली दोन माणसं लागतात; त्यातला एक मी. लाइटचा जाणकार ना. बटण चालू स्थितीत आढळले, असं लिहिलं गेलं. खाली माझी सही आहे, वळणदार, ठसठशीत. ईएलसीबी बोर्डावर व्यवस्थित जोडलेली आढळली. कारण ती मी त्याच पाव तासात पुन्हा जोडून टाकली होती. मग ती पडली कशी नाही, हे कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर? मी उत्तर तयार ठेवलं होतं — जुनी झाली की कधी कधी अडकते, साहेब. एका वर्षात कुठली जुनी होते? पण उत्तर तयार होतं.

तर झालं. मी सुरक्षेची डबी डायरेक्ट केली, त्यानं माणूस गेलं आणि मी ते लपवलं. इतकं लिहून मी काल पेन ठेवलं होतं. वाटलं, सांगितलं एकदाचं. जेवलोसुद्धा बऱ्यापैकी. पण सकाळी उठून वाचलं आणि घाबराघुबरा झालो. कारण हे सगळं खरं असूनही हा कबुलीजबाब खोटा आहे. जे सांगायचं होतं ते मी कालही टाळलंच होतं. डायरेक्ट तर निम्मे वायरमन करतात. त्या गर्दीत उभं राहायला मला सोपं जात होतं.

त्याआधी छायावहिनींचं सांगू द्या. टाळतोय असं वाटेल तुम्हाला, वाटू द्या.

दहाव्याच्या दिवशी मायची लेक सगळ्यांसमोर भावजयीला म्हणाली, "एक बटण दाबायचं होतं तुला. एक बटण." वहिनींनी मान खाली घातली. बालाजी तोंडानं काही बोलला नाही, आणि तेच वाईट. बरेच महिने तो बायकोशी कामापुरतंच बोलायचा. मारणं नाही, शिव्या नाही — चांगला माणूस आहे तो. पण ताटावर बसला की तिच्याकडे न बघता जेवायचा. मी त्यांच्या घरी जायचो, बसायचो. मित्र ना मी. एकदा त्यानं मला विचारलं, "सुदाम, तू सांग, ती खोटं बोलली का तिला आठवत न्हाई?" मी म्हणालो, गडबडीत होतं माणसाचं, नको मनात ठेवू. बघा, समजूतसुद्धा मीच घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं माझा हात धरला.

वहिनींनी त्यानंतर बटणांना हात लावणं सोडलं. दिवा लावायचा तर लेकीला हाक मारायच्या. लेक शाळेत असली की अंधारात स्वयंपाक. हळूहळू लावायला लागल्या, पण एक दिवा बंद करून तीनदा परत जाऊन बघायच्या. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, शेळी बांधली का — सगळं दुसऱ्याला विचारून. एकदा भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवेना म्हणून रडत बसल्या होत्या, असं माझी बायको सांगत होती. हसत सांगत होती ती, गंमत म्हणून. मी ताटावरून उठलो.

त्या वर्षीच मी त्यांचं सॉकेट वर घेतलं, झाकण लावलं, अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणून मीठ-कोळसा भरला. तेव्हापासून मी 'झाकणवाला' झालो. दुसऱ्याच्या घरी ओट्यावर उघडं सॉकेट दिसलं की मी लोकांवर ओरडतो. आणि सकाळी लवकर फोन वाजला की हात लावायच्या आधी मी नाव बघतो. आजही. कुणाच्या घरून असेल? मी आणखी कुठं कुठं डायरेक्ट केलं होतं? आठवतील तेवढी घरं मी नंतर जाऊन दुरुस्त केली. आठवली नसतील ती?

ह्या सगळ्याला दहा वर्षं झाली. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बालाजीच्या गावातल्या बायकांच्या बचत गटांनी मला बोलावलं. विजेपासून सावध कसं राहायचं, ते सांगायला. सभामंडपात सतरंज्या टाकल्या होत्या, मला खुर्ची. मी नेहमीसारखा घडाघडा बोललो — ओट्यावरचं सॉकेट उंच घ्या, झाकण लावा, ईएलसीबीचं तपासणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि कुणी वायरमन म्हणाला की डायरेक्ट करून देतो, तर त्याला दारातून हाकला. बायका हसल्या. मीही हसलो बहुतेक.

मग मागून छायावहिनी उठल्या.

"मलाबी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई माझ्या हातून गेल्या, ठावं हाय समद्यांना. म्या बटण बंद केलं असं मला वाटलं होतं. आजबी डोळे मिटले की मला माझं बोट दिसतं, बटणावर दाबलेलं. पर ते चालूच होतं. ह्या भावजींनी सवता पाहिलं. म्हणून सांगते बायांनो, आपल्या डोळ्यावर भरोसा ठेवू नका. बटण बंद केलं की दुसऱ्याला दाखवा, मंगच हात लावा."

दोघी-तिघी पदरानं डोळे पुसायला लागल्या. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. साक्ष मागत होत्या माझ्याकडे, स्वतःच्या विरुद्ध. आणि मी — मी मान डोलावली. शंभर बायकांसमोर, खुर्चीत बसून, हळूच, गंभीरपणे मान डोलावली. मग त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. तो नारळ मी घरी नेला नाही, वाटेत एका देवळात ठेवला. शाल गाडीच्या डिकीत तशीच आहे.

आता सांगतो.

त्या दुपारी मी एकटा आत गेलो, बोर्ड उघडला. मेन बंद होता. मी केलेला जोड उघडला आणि मला दिसलं — लाल तार काळीला जोडलेली, काळी लालला. हळदीच्या त्या सकाळी मी घाईत उलटं जोडलं होतं. ह्यानं काय होतं, ते साध्या भाषेत सांगतो. तारा उलट झाल्या तरी दिवा तसाच लागतो, पंखा तसाच फिरतो, कुणाला काही कळत नाही. पण मग बटण भलतीच तार तोडतं. बटण बंद केलं की कूलर थांबतो, आणि वीज मात्र त्याच्या आतपर्यंत येऊन उभीच राहते. टेस्टर एकदा लावला असता तर त्याच सकाळी कळलं असतं. टेस्टर माझ्या खिशाला होता. मी तो लावला नव्हता.

मी तारा सरळ केल्या. ईएलसीबी जोडली. हात असे भराभर चालत होते की मलाच नवल वाटलं. मग मी बाहेर ओट्यावर आलो. फरशी अजून ओली होती. कूलर तिथंच, जरा तिरका. मायची एक बांगडी फुटून पडली होती. मी वाकून सॉकेटकडे पाहिलं.

बटण बंद होतं.

छायावहिनींनी ते बंद केलं होतं, जसं त्या म्हणत होत्या अगदी तसं. त्यांनी केलेलं सगळं बरोबर होतं. मी तिथं उकिडवा बसलो. गल्लीतून रडण्याचा आवाज येत होता, माझ्या आणि त्यांच्या मध्ये फक्त कूलर होता. त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते मी दहा वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. बंद बटणाचा अर्थ फक्त मला कळत होता — बंद बटणावर माणूस मेलं म्हणजे तारा उलट्या होत्या, आणि तारा कुणी जोडल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी अंगठ्यानं ते बटण दाबलं. चालू केलं. टक असा बारीक आवाज झाला. मग शर्टाच्या टोकानं बटण पुसलं, का ते मला ठाऊक नाही, आणि बाहेर येऊन जे बोललो ते वर लिहिलंच आहे.

तारा उलट्या जोडल्या ती चूक होती. बटण दाबलं ती चूक नव्हती. ते मी केलं. मला माहीत होतं की ह्यानंतर सगळे कुणाकडे बघतील. त्या बाईकडे बघत असतानाच मी तोंड उघडलं.

सभेनंतर मी बरेच दिवस झुरलो, आणि गेल्या आठवड्यात सांगायचंच म्हणून बालाजीच्या घरी गेलो. बालाजी शेतात होता. वहिनी ओट्यावर कूलर पुसत होत्या; आता नवा आहे, प्लास्टिकचा, तीन पायांच्या पिनेचा. मला बघून त्यांना बरं वाटलं. "या भावजी. बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "पोरगी कॉलेजला गेली. सकाळपासून म्या ह्याला आतून हात लावला न्हाई. बटण बंद हाय का तेवढं बघा बरं."

मी पाहिलं. बंद होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, स्वच्छ दिसत होतं.

"बंद आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी निर्धास्तपणे कूलरच्या आत कोपरापर्यंत हात घातला. माझ्या शब्दावर. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर आहे. मी तोंड उघडलं, आणि चहा नको म्हणून सांगितलं, आणि गाडीवर बसून परत आलो. म्हणजे तेव्हाही भ्यालोच.

म्हणून हे लिहिलं. बोलताना मी पुन्हा वळण घेईन, कागदावर लिहिलेलं मला फिरवता येणार नाही. सुरुवातीला मी म्हणालो की तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ते राहू दे तसंच, खोडत नाही. उद्या सकाळी हे कागद मी छायावहिनींच्या हातात देणार आहे. बालाजीकडे नाही, आधी त्यांच्याच हातात. त्या दहावी शिकलेल्या आहेत, वाचतील. वाचून होईपर्यंत मी ओट्याच्या खाली उभा राहीन. त्या पोलिसांत गेल्या तर पंचनाम्यावरची सही माझीच आहे, हेही मी सांगेन. त्या गेल्या नाहीत तर मी जाईन.

मला त्यांच्याकडून काही नको. त्यांनी काही विचारावं असंही नाही. पण विचारलंच, की भावजी, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं ना — तर पाहिलं होतं, वहिनी. तुम्ही बटण बंद केलं होतं.